आंबा, पुदिना आणि एकेक घोट

“हा स्ट्रोकच आहे,” न्यूरॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या. “हातापायांत ताकद आहे, बोललेलं समजतंय, डोकं साफ आहे. गेलंय ते गिळणं.”

मला वाटलं, एवढंच ना! हातपाय शाबूत, डोकं शाबूत, मग गिळण्याचं ते काय कौतुक. मी घोगऱ्या आवाजात पाणी मागितलं. नर्सने ते दिलंच नाही. काडीवरचा छोटा गुलाबी स्पंज ओला करून माझ्या ओठांवरून फिरवला आणि म्हणाली, “नथिंग बाय माउथ, हनी.” म्हणजे तोंडाने काहीही नाही. स्वतःची लाळसुद्धा मला गिळता येत नव्हती. ती ओढून घेणारी नळी उशाशी लटकत होती. तेव्हा कुठे मला कळलं, काय गेलंय ते.

मी डॉक्टर नाही. टेक्ससमधल्या फ्रिस्कोमध्ये एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असा माझा व्यवसाय. स्वभावही त्याला साजेसा आहे असं घरचे म्हणतात. तुमच्या घरात कुणाचं गिळणं गेलं असेल, तर आमच्या घरी काय झालं ते उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे. औषधोपचार मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारून करा.

आजाराची सुरुवात उचकीने झाली. शनिवारची सकाळ होती. उचकी लागली ती थांबेचना. माझे यजमान नागपूरचे. ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, “कोणीतरी आठवण काढून राहिलं तुझी.” मग मी रीतीप्रमाणे एकेक नाव घेत गेले. सांगलीची मावशी, पुण्याची नणंद, ऑफिसातली मॅनेजर. एकाही नावाला उचकी थांबली नाही. शेवटी पाणी प्यायला गेले, तर ते नाकातून परत आलं. त्याच वेळी स्वयंपाकघर एका बाजूला कललं आणि मी ओट्याला धरून खाली बसले. डावा गाल बधिर झाला होता. ह्यांनी पेपर टाकला आणि नऊ-एक-एकला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन लावला. उचकी हेसुद्धा स्ट्रोकचं लक्षण असू शकतं, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या आजाराचं नाव लॅटरल मेड्युलरी स्ट्रोक. मेंदू जिथे संपतो आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू सुरू होतो, तिथल्या देठाला मेड्युला म्हणतात. तिथला एका बाजूचा रक्तपुरवठा बंद पडला होता. गिळण्याच्या त्रासाला डिसफेजिया म्हणतात. माझ्या घशाची डावी बाजू लुळी पडली होती, त्यामुळे घास अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेत जायची भीती होती. त्याला ॲस्पिरेशन म्हणतात. त्यातही माझं सायलेंट ॲस्पिरेशन होतं, म्हणजे चुकीच्या वाटेने गेलं तरी ठसका लागत नव्हता. घरात चोर शिरावा आणि कुत्रं भुंकूच नये, असा तो प्रकार.

नाकातून पोटात एक नळी घातली आणि तिच्यातून पिवळट दूध सोडायला सुरुवात झाली. पोट भरायचं, पण जेवल्यासारखं काही वाटायचं नाही. हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसायचे. जेवायला मात्र कुठे जातात ते सांगायचे नाहीत. एकदा माझी मुलगी ईशा बोलून गेली, “बाबा ईट्स इन द कार.” माझ्यासमोर खायचं नको म्हणून हा माणूस पार्किंगमध्ये, टेक्ससच्या त्या उन्हात, गाडीत बसून डबा खात होता. मला भयंकर राग आला. ह्यांचा नाही, त्या नळीचा. त्याच दिवशी मी ठरवलं की मी तोंडानेच जेवणार, आणि ह्यांच्यासमोर बसून जेवणार.

गिळायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाला इथे स्पीच थेरपिस्ट म्हणतात. माझ्या थेरपिस्टचं नाव केली. तरुण, उंच, आणि माझ्याहून हट्टी. तिने माझी मॉडिफाइड बेरियम स्वॉलो टेस्ट केली. बेरियम नावाची पांढरी भुकटी वेगवेगळ्या जाडीच्या पदार्थांत मिसळून देतात आणि तुम्ही गिळत असताना एक्स-रेवर चलच्चित्र काढतात. पाण्यासारखं पातळ दिलं, ते थेट श्वासनलिकेत गेलं. मला पत्ताही लागला नाही. थोडं दाट दिलं, हनुवटी खाली आणि मान डावीकडे वळवायला सांगितलं, आणि ते बरोबर गेलं. मान वळवली की लुळी बाजू मिटते आणि घोट चांगल्या बाजूने उतरतो. मला इतका आनंद झाला की बेरियमचा तो खडूसारखा घोटही गोड लागला.

नाकातली नळी निघाली. नियम असा ठरला: अन्न वाटून मऊ केलेलं, द्रव दाट केलेले, आणि प्रत्येक घोटाला हनुवटी खाली, मान डावीकडे. पाणी दाट करायला एक पावडर मिळते. ती घालून ढवळलेलं पाणी मी चाखलं आणि चमचा खाली ठेवला. लहानपणी साड्यांना घालायची खळ असायची ना, तशीच.

“ही खळ मी पिणार नाही,” मी केलीला सांगितलं.

“मग तुम्हाला काय प्यायचंय?” तिने विचारलं.

“ज्याला चव आहे असं काहीतरी.”

ती हसली आणि म्हणाली, “घरी स्मूदी करा. पण जाडी मी सांगेन तीच.”

घरी आले तेव्हा मला चक्कर येत असल्यामुळे ओट्याशी उभं राहता येत नव्हतं. म्हणून मी खुर्चीत बसून सांगायचं आणि ह्यांनी करायचं, असं ठरलं. हे नेटवर्क इंजिनिअर. स्वयंपाकघरात चहापलीकडे कधी गेलेले नाहीत.

“पुदिना किती घालू?”

“अंदाजाने घाला.”

“अंदाज म्हणजे किती पानं?”

“अहो, मूठभर.”

“कोणाची मूठ, तुझी का माझी?”

मी डोक्याला हात लावला. पण खरं सांगायचं तर या एका पदार्थात ह्यांचंच बरोबर होतं. डिसफेजियात अंदाज चालत नाही.

आमची स्मूदी अशी. फ्रोझन आंब्याचे तुकडे आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायचे, म्हणजे सकाळपर्यंत पूर्ण वितळतात. बर्फ अजिबात नाही, कारण बर्फ तोंडात वितळला की दाट पेय पातळ होतं. अर्धं पिकलेलं केळं आणि वाटीभर घट्ट दही. घरामागच्या फरसबंद पॅटिओवरच्या कुंडीतला पुदिना, नुसती पानं, देठ नकोत. बेझिलची, म्हणजे इथल्या तुळशीची, तीन-चार पानं. आल्याचा रस, आलं नाही, कारण त्याला दोरे असतात. चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सैंधव. मिक्सर थांबला की सगळं गाळायचं. आमच्याकडे पुरणयंत्र होतं, त्याच्या सगळ्यात बारीक चाळणीतून ह्यांनी ते पहिल्यांदा घासून काढलं. पुदिन्याचा सगळा चोथा वर राहिला आणि खाली पिवळी-हिरवी, रेशमी स्मूदी. अननसाला दोरे, कलिंगडाला पाणी सुटतं, चियाचे दाणे, म्हणून या मंडळींना दार बंद.

शेवटी परीक्षा. बिनसुईच्या सिरिंजचं खालचं तोंड बोटाने दाबून तिच्यात स्मूदी भरायची, मग बोट काढायचं आणि केलीने सांगितलेल्या वेळात ती किती उतरते ते बघायचं. जास्त उतरली तर पातळ, मग केळं वाढवायचं. हे रोज डोळ्यांजवळ सिरिंज धरून बसायचे. एवढ्या गंभीरपणे ह्यांनी आमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा बघितली नसेल.

पहिला घोट घेतला तेव्हा मी रडले. आंब्याची चव, मागून पुदिन्याचा गारवा, आणि जिऱ्यामुळे कुठेतरी पन्ह्याची आठवण. जारमध्ये दोघांपुरतं व्हायचं. हे समोर बसून आपला पेला भरून घ्यायचे. गाडीतले डबे बंद झाले. मैत्रिणींना मी फोनवर ऐटीत सांगत होते, “स्ट्रोकबिक ठीक आहे गं, पण माझी स्मूदी एकदा पिऊन जा.”

आणि मग ताप आला.

आधी कणकण, मग छातीत घरघर. एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ॲस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे अन्न फुप्फुसात गेल्यामुळे होणारा. पुन्हा ॲडमिट, पुन्हा सलाइनमधून अँटिबायोटिक्स, पुन्हा नाकात नळी. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी या वेळी खुर्ची ओढून घेतली. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजायचं, बातमी लांबलचक आहे.

“असं पुन्हा झालं तर मी तोंडाने खाण्याची परवानगी देऊ शकणार नाही,” त्या म्हणाल्या. “मग पेग ट्यूब घालावी लागेल.” पेग म्हणजे पोटाला छोटं छिद्र पाडून थेट जठरात बसवलेली नळी. खूप जणांचे प्राण त्या नळीने वाचतात, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे. तुम्हाला ती लागली तर घाबरू नका. पण मला ती नको होती.

ईशा दूरच्या बॉथेल गावाहून ऑफिसचं काम बरोबर घेऊन आमच्याकडे येऊन राहिली होती. ती एका बायोटेक कंपनीत आहे, तिला या गोष्टी माझ्याहून जास्त कळतात. “आई, प्लीज,” ती म्हणाली, “इट्स जस्ट अ ट्यूब. आय डोंट वॉन्ट टु लूज यू ओव्हर अ स्मूदी.”

“मग तुझ्याच पोटात बसवून घे,” मी म्हणाले. ती उठून बाहेर गेली. मला लगेच वाईट वाटलं. पोर घाबरली होती. मीही घाबरले होते, फक्त माझी भीती तोंडातून रागासारखी बाहेर पडते. मी तिला हाक मारली, पण माझा घोगरा आवाज दारापर्यंतही पोचला नाही. थोड्या वेळाने ती आपणच आत आली आणि माझ्या पायांशी बसली.

घरी सगळ्यांनी स्मूदीलाच धारेवर धरलं. पुदिन्याचा एखादा कण राहिला असेल. दही पातळ असेल. केळं कमी पिकलं असेल. ह्यांचा चेहरा उतरला. “माझ्याच हातून झालं असेल,” असं हे दोनदा म्हणाले. मला ते पटेना. ह्यांनी सिरिंज कधी चुकवली नव्हती.

बरं वाटल्यावर केलीने पुन्हा बेरियम टेस्ट केली. चमचा पुढे केला, मी मान वळवली, गिळलं. स्वच्छ. स्ट्रॉने दिलं, तेही स्वच्छ. ती पडद्याकडे बघत राहिली. “इथे तर तुम्ही छान गिळताय,” ती म्हणाली. “मग फुप्फुसात जातंय कधी?”

हे मात्र माझ्या धंद्यातलं दुखणं होतं. सॉफ्टवेअर आमच्याकडे चालतं, गिऱ्हाइकाकडे गेलं की बंद पडतं. अशा वेळी वाद घालायचा नाही. गिऱ्हाइकाच्या शेजारी जाऊन बसायचं आणि तो नेमकं काय करतो ते गुपचूप बघायचं. मी केलीला म्हटलं, “पुढच्या वेळी मी घरची स्मूदी घेऊन येते. घरच्याच भांड्यातून पिते. तुम्ही काही सांगू नका, नुसतं बघा.”

त्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. ह्यांनी थर्मासमधून स्मूदी स्टीलच्या पेल्यात ओतली. केलीने सिरिंजने जाडी तपासली आणि मान डोलावली. मी पेला उचलला. ओठांपासून चार बोटं वर धरला, डोकं मागे टाकलं आणि वरून धार तोंडात सोडली. मग तोंड मिटलं, शिकवल्याप्रमाणे हनुवटी खाली केली, मान डावीकडे—

“स्टॉप!” केली ओरडलीच. “हे काय केलंत?”

“गिळतेय,” मी कसंबसं म्हणाले.

“त्याच्या आधी! पेला वर का धरलात?”

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी ईशाकडे. आम्हा तिघांनाही प्रश्न कळेना. ईशा म्हणाली, “दॅट्स हाउ वी ड्रिंक. आमच्या घरी सगळेच असे पितात.” आणि ह्यांनी तर पुराव्यादाखल आपली पाण्याची बाटली काढली, मान मागे टाकली आणि थेंबही न सांडता वरून पाणी पिऊन दाखवलं. केली तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

वाचणाऱ्यांना एव्हाना कळलं असेल. आमच्या आईने आम्हाला पहिली शिस्त लावली ती हीच. भांड्याला तोंड लावायचं नाही, उष्टं होतं. माठावरचा तांब्या सगळ्यांचा. मी चार वर्षांची असताना वरून पाणी प्यायला शिकले, आणि तेव्हापासून चहा सोडला तर कशालाच ओठ लावलेला नाही. हॉस्पिटलमध्ये मला चमच्याने आणि स्ट्रॉने दिलं होतं, त्यामुळे तिथे हे कुणाला दिसलं नाही. घरी सगळे बघत होते, पण आम्हा सगळ्यांच्या दृष्टीने त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही पुदिन्याचे कण शोधत बसलो आणि माझी मान दिवसातून तीनदा आढ्याकडे जात होती.

केलीने कागदावर चित्र काढून समजावलं. मान मागे टाकली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते, आणि वरून पडलेली धार गिळायच्या आधीच घशात उतरते. मी हनुवटी खाली आणेपर्यंत अर्धा घोट नको तिथे गेलेला असायचा. नियम मी मोडला नव्हता. गिळताना मान खाली, असंच मला सांगितलेलं होतं. तोंडात घेताना कशी, हे तिने सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायला हवं हे तिला सुचण्याचं कारणही नव्हतं.

“यापुढे प्रत्येक पेशंटला मी विचारणार, की घरी पिता कसे ते दाखवा,” ती म्हणाली. मला तिचं फार कौतुक वाटलं. चूक सापडल्यावर ती स्वतःच्या वहीत लिहून घेणारी माणसं आमच्या ऑफिसातही कमीच आहेत.

गाडीत बसल्यावर ह्यांनी आधी थर्मास मागच्या सीटवर ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे माझी स्मूदी बरोबर होती.”

“पहिल्या दिवसापासून,” मी म्हणाले. ह्यांनी नुसती मान हलवली, पण गाडी मात्र त्या दिवशी फार ऐटीत चालवली.

सवय मोडणं हे गिळण्याहून अवघड निघालं. केलीने एक कप दिला, त्याला नाकासाठी वरच्या कडेला खाच असते. त्यामुळे शेवटच्या थेंबापर्यंत मान मागे करावी लागत नाही. त्या कपालाही माझा हात आपोआप वर उचलायचा. ईशा समोरून “आई, लिप्स!” असं ओरडायची. काठाला ओठ लावला की मला अगदी ओशाळल्यासारखं व्हायचं, जणू आई मागे उभी आहे. पण मी लावत गेले. रोज रिकामे घोट जोर लावून गिळण्याचा व्यायाम केला. आरशासमोर बसून मान डावीकडे, मान डावीकडे, असं घोकलं. ताप परत आला नाही. एक्स-रे स्वच्छ आला. वजन वाढायला लागलं. ईशाने बॉथेलचं तिकीट काढलं, तेव्हा मला समजलं की आता तिलाही खात्री वाटते आहे.

तुम्हाला एवढंच सांगेन, की थेरपिस्टसमोर आपलं घर घेऊन जा. घरचं भांडं, घरचा चमचा, बसायची घरची तऱ्हा. पाटावर बसून जेवत असाल तर तसं बसून दाखवा. हाताने कालवून मोठा घास घेत असाल तर तोही घेऊन दाखवा. लाजू नका, आणि “हे काय दाखवायचं” असं तर अजिबात म्हणू नका.

उन्हाळा संपता संपता शेवटची बेरियम टेस्ट झाली. पातळ द्रव, कपाला ओठ लावून, मान वळवून. केलीने ते चलच्चित्र दोनदा पुढे-मागे करून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पेग ट्यूबचा विषय बंद. हवं ते प्या.” न्यूरॉलॉजिस्ट बाईंनीही फोनवर तेच सांगितलं. या दोघींची मी जन्मभर ऋणी आहे, आणि त्या स्पंज फिरवणाऱ्या नर्सचीही.

हवं ते प्या म्हटल्यावर मी काय मागावं? घरी येऊन मी स्मूदीच मागितली. ह्यांनी पुदिना खुडला, आंबा घातला, मला एक अक्षर न विचारता. अंदाजाने. या वेळी गाळली नाही आणि सिरिंज ड्रॉवरमध्येच राहिली. आम्ही पॅटिओवर बसलो. मी ग्लासच्या काठाला ओठ लावून सावकाश प्याले. निम्म्यावर पोट भरलं, म्हणून ग्लास खाली ठेवला.

ह्यांनी तो उचलला.

“अहो, माझा उष्टा आहे तो.”

“माहीत आहे,” हे म्हणाले. मग माझे ओठ लागले होते तिथेच ओठ लावून ह्यांनी उरलेली सगळी स्मूदी पिऊन टाकली आणि ग्लास विसळायला आत गेले. माझ्या घशात आवंढा दाटून आला, आणि मला तो गिळता आला.